पहिल्यांदाच घरी स्वतः रंग लावायचाय, भिंत पूर्ण खरवडावीच लागते का?

खिडकीतला_कावळा
नमस्कार मंडळी. डोंबिवलीत वन बीएचके, बिल्डिंग साधारण ३० वर्षं जुनी. मी कॉलेजात असताना बाबांनी साधा डिस्टेंपर मारून घेतला होता, फिकट पिस्ता, त्यानंतर काहीच नाही. आता भिंतीला टेकून बसलं की शर्टाची पाठ पांढरी होते. पेंटरने जो आकडा सांगितला त्यात आमची गोव्याची ट्रिप होऊन वर चार पैसे उरतील, म्हणून मी आणि बायकोने ठरवलं की आपणच करू, आधी बेडरूम आणि जमलं तर हॉल. रूम १० बाय १२, उंची साडेनऊ फूट.

प्रश्न असे की जुना रंग सगळा काढायचा की वरून दोन हात मारले तर चालेल, आणि रंग किती आणू? एका भिंतीला, जिच्या मागे बाथरूम आहे, खाली पोपडे आलेत, तिथे लांबी (म्हणजे पुट्टी) भरून घेऊ का? आणि एक भिंत गडद मोरपिशी करायची बायकोची इच्छा आहे, आई म्हणते घर आहे की हॉटेल. हे शेवटचं इथे सुटणार नाही माहितीये.

मामाचा_भाचा
माझा मामा इचलकरंजीत पेंटर होता, मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा भाच्यांना भिंती घासायला न्यायचा, त्यामुळे या विषयावर मी थोडा हक्काने बोलतो. तुमचं उत्तर तुमच्या शर्टावरच आहे. हाताला पावडर लागते म्हणजे तो डिस्टेंपर सुटलाय, त्यावर कितीही भारी इमल्शन (प्लास्टिक पेंट) मारा, ते भिंतीला नाही त्या पावडरीला चिकटणार आणि पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे निघणार. भिंत पाण्याने ओली करायची, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि पत्र्याने खरवडायची, ओलं केल्यावर साय निघावी तसं निघतं आणि धूळ पण उडत नाही. कोरडं खरवडू नका, शेजारचे भांडायला येतील.

मग वाळू द्या, खड्डे आणि चिरा लांबीने भरा. लांबी एकदम जाड थापायची नाही, दोन पातळ हात. आणि पावडरीत पाणी घालून कालवताना दीड-दोन तासांत संपेल एवढीच कालवा, पहिल्या दिवशी सगळे बादलीभर करून ठेवतात आणि मग ती दगड होते. वाळली की पॉलिश पेपर, आधी १२० नंबरचा जाडसर, मग १८० नाहीतर २२० चा बारीक. मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. हा टाळू नका, नाहीतर लांबी भरलेली जागा रंग पिऊन टाकते आणि उजेडात भिंतीवर नकाशा दिसतो. रंग लावणं हे शेवटचे दोन दिवस हो, बाकी सगळा वेळ घासण्यात जातो.

रंगाचा हिशोब: (१० + १२) × २ × ९.५ म्हणजे ४१८ चौरस फूट, दार-खिडकी वजा करून ३८० धरा. डब्यावर लिटरला किती चौरस फूट ते लिहिलेलं असतं, ते एका हाताचं की दोन हातांचं ते बघा. दोन हातांचं १०० असेल तर ४ लिटरचा डबा, पण तो आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, म्हणून वर एक लिटर जास्त. मशीनवर शेड करून घेतलीत तर कोडचा फोटो काढून ठेवा.

सदाशिव_बाहेरची
मी दोन वर्षांपूर्वी पुण्यात भाड्याच्या घरात केलंय, मालकांना विचारून. खरवडण्याबद्दल वरचं सगळं बरोबर, पण पूर्ण भिंतीला लांबी भरायला जाऊ नका पहिल्यांदाच, मी गेले होते आणि भिंत लाटांसारखी झाली. जिथे खड्डा तिथेच भरा. छत पण सोडून द्या किंवा तेवढ्यासाठी एक दिवस माणूस बोलवा, मान दुखते आणि रंग डोळ्यात येतो.

लावताना आधी २ इंची ब्रशने कडा आणि कोपरे मारायचे आणि ते ओले असतानाच रोलर फिरवायचा, एक भिंत मधे न थांबता पूर्ण करायची. मी मधेच चहाला बसले, वरून पंखा फुल्ल, परत आले तेव्हा अर्धी भिंत वाळलेली आणि जोड असा दिसत होता जसा ठिगळ लावलाय. तिथे मग कॅलेंडर टांगलं. पंखा बंद ठेवा लावताना. स्विचबोर्डच्या प्लेटा मेन बंद करून काढून घ्या. कडांना लावलेली मास्किंग टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत काढा नाहीतर रंगासकट येते. खाली पेपर नको, जुन्या चादरी घाला, पेपर ओला झाला की फरशीला चिकटतो.

मोरपिशीसाठी छोटा सॅम्पल डबा आणून कार्डशीटवर दोन हात मारा आणि ते दोन दिवस भिंतीवर लावून ठेवा. सकाळी वेगळा दिसतो, ट्यूबलाइटमध्ये वेगळा. आईंना पण बघू द्या.

जिना_चढणारा
सगळे रंगाचं बोलताय, बाथरूममागच्या भिंतीचं कोण बोलणार? लांबी भरून ओल थांबत नाही, झाकली जाते, आणि चार महिन्यांत तिथूनच फुगते. पोपडे काढून एक फूटभर जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने गच्च चिकटवा, एक-दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर तो हवेतला दमटपणा, खिडकी उघडी ठेवून काम होईल. आतून असेल तर आधी बाथरूमच्या टाइल्सचे जॉइंट आणि नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं भोक) बघा.

अजून एक, दार-खिडकीचा जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भाग) वर नको हा नियम २०१६ चा आहे, त्याआधीच्या थरात किती असेल कुणास ठाऊक. ओल्या पॉलिश पेपरनेच घासा, लहान मूल असेल तर त्या दिवशी आजीकडे.

खिडकीतला_कावळा
मंडळी, प्लास्टिक लावलं शुक्रवारी रात्री, रविवारी सकाळी आतल्या बाजूने घामेजलेलं. प्लंबर आला, म्हणाला नहाणी ट्रॅपच्या कडेचं सिमेंट गेलंय. ते करून घेतोय, भिंत वाळेपर्यंत ती बाजू तशीच ठेवणार. बाकी तीन भिंती खरवडून झाल्या, पिस्त्याच्या खाली अजून एक गुलाबी आणि त्याखाली चुना निघाला, बायको म्हणाली हे तर बर्फीचे थर. मुलगी आजीकडे पाठवायची सोय नाही कारण आजी इथेच आहे आणि सध्या मोरपिशी कार्डशीटसमोर खुर्ची टाकून बसलीये.

मामाचे भाचे, १२० चा पेपर एका भिंतीला किती लागतो? माझे सहा संपले.

मामाचा_भाचा
सहा?? हात हलका ठेवा दादा, भिंत घासायचीये, पाडायची नाही.