पणजीचा पिनकोड ४०३००१ ही मूळ संख्या आहे का?

गणितकट्टा_फोंडा
शाळेच्या गणित मंडळासाठी कोडं करायचंय: गोव्यातले कोणते पिनकोड मूळ संख्या आहेत? ४०३००१ ला १३ पर्यंत कशानेच भाग जात नाही. मग मूळ म्हणून टाकू का? साधा कॅल्क्युलेटर आहे, संगणक नको.

बाकीशून्य
१३ वर थांबू नका. ४०२९०१ बघा, तुमच्या संख्येहून फक्त १०० ने लहान. ती ६१७ × ६५३ आहे. ६१७ येईपर्यंत एकही भाजक हाती लागत नाही. ४०३००१ चं वर्गमूळ ६३४.८ च्या आसपास, म्हणजे ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून बघायचं.

पण आधी शेजाऱ्यांना विचारा. ४०३००० = ८ × १२५ × १३ × ३१ आणि ४०३००२ = २ × २७ × १७ × ४३९. लगतच्या संख्यांना १ सोडून सामाईक भाजक नसतो, त्यामुळे २, ३, ५, १३, १७, ३१, ४३९ फुकटात बाद.

७ आणि ११ साठी शेवटच्या तीन अंकांतून पहिले तीन वजा करा. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून फरकाला भाग गेला तरच संख्येला जातो. पणजीचा फरक उणे ४०२, म्हणजे २ × ३ × ६७. तिघांपैकी कोणीच नाही. मडगाव ४०३६०१: फरक १९८, ११ ने जातो. म्हापसा ४०३५०७: १०४, १३ ने. वास्को ४०३८०२: ३९९, ७ ने (सम आहे ते वेगळंच). तीन शहरं, तीन भाजक, कोडं आयतंच तयार!

साळ_नदी
उरलेल्या १०६ पैकी कशानेच भाग जात नाही, मूळच आहे. ४०३००३ सुद्धा मूळ, म्हणजे जोडमूळ जोडी (दोनच्या फरकाच्या दोन मूळ संख्या). मुलं चुकतात ती दशांशात: ४३९ ने भागल्यावर ९१७.९९७७२ दिसतं आणि ९१८ धरून मोकळी होतात. उलट गुणून बघायला सांगा: ४३९ × ९१८ = ४०३००२, एक जास्त.

वर्गवेडा
४ ने भागून बाकी १, म्हणून मूळ असेल तर दोन वर्गांची बेरीज व्हायलाच हवी: ५६० चा वर्ग ३१३६००, २९९ चा ८९४०१. गणितज्ञ ऑयलरच्या निकषानं ही जोडी सहमूळ (१ सोडून सामाईक भाजक नसलेली) आणि एकमेव ठरली की संख्या मूळ. एक जोडी मिळाली म्हणून थांबायचं नाही. ६५ ला ८-१ आणि ७-४ अशा दोन मिळतात. शोध छोटा आहे: बेरजेचा शेवटचा अंक १, म्हणून एक पाया ५ च्या पटीत, आणि सम पाया ४ च्या पटीत.

गणितकट्टा_फोंडा
मडगाव ११ × ३६६९१ निघालं. ३६६९१ साठी १९१ पर्यंतच ना?

बाकीशून्य
हो. १९१ ने बाकी १९ उरते, ती शेवटची.