मदत हवी आहे: सात नंबरचा उंदीर विसरला की घाबरला?

नमस्कार मंडळी,

सांगलीत फार्माकॉलॉजी घेऊन एम. फार्म. करतेय. सोमवारी सेमिनार आहे आणि गाडी एका उंदरापाशी अडलीये.

विषय हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग. उंदरात तो केळ्यासारखा वाकलेला असतो. वरचा, डॉर्सल भाग निकामी केला तर वॉटर मेझमध्ये (गढूळ केलेल्या पाण्याचा गोल हौद) पाण्याखाली दडलेला प्लॅटफॉर्म सापडत नाही. खालचा व्हेंट्रल भाग गेला तर प्लॅटफॉर्म सापडतो, पण प्लस मेझच्या (अधिक चिन्हाच्या आकाराचा उंच सांगाडा) ओपन आर्मवर, म्हणजे भिंती नसलेल्या फांदीवर, स्वारी बिनधास्त हिंडते. वर आठवण, खाली भीती, असं मी पाठ केलंय.

आमच्याकडे मेंदूवर शस्त्रक्रिया नाही, स्मृती तात्पुरती बिघडवणारं स्कोपोलामीन देतो. सात नंबरला (शेपटीवर मार्करच्या दोन रेघा) चौथ्या दिवशी पाण्यात सोडलं, तर कडेला चिकटून ६० सेकंद नुसता गोल गोल. शेवटी उचलून प्लॅटफॉर्मवर ठेवला, तर दूध पावडरच्या पाण्याने भिजलेल्या मिशा पुसत बसला. सर म्हणाले, "स्मृती गेली, लिही ६०." पण जो भिंतच सोडत नाही, त्याला आठवत असलं तरी सापडणार कसं? हे वेगळं कसं करायचं?

कंदीपेढा, सातारा:
ताई, आधी प्लॅटफॉर्म पाण्याच्या वर आणा, त्यावर झेंडा लावा आणि औषध देऊन तोच उंदीर सोडा. झेंड्याकडेही गेला नाही तर नजर, पोहणं किंवा भीती तपासा. विस्टर (पांढऱ्या उंदरांची जात) असेल तर नजर मुळात अधूच. व्हिडिओवर पोहण्याचा वेग आणि कडेला घालवलेला वेळ मोजा, औषधाऐवजी नुसतं सलाइन दिलेल्यांशी ताडून. पहिल्या दिवशी कडेने सगळेच फिरतात, ते मनावर घेऊ नका. प्लस मेझ करणार असाल तर पाण्याच्या आधी, आणि एकदाच. दुसऱ्यांदा ठेवलेल्या उंदरावर भीती कमी करणाऱ्या डायझेपामचाही नीट परिणाम दिसत नाही.

आणि हो, स्कोपोलामीन अख्ख्या मेंदूत जातं. त्यावरून डॉर्सल-व्हेंट्रलबद्दल अवाक्षर काढू नका, परीक्षक तिथेच धरतील.

कृष्णाकाठ:
"वर आठवण, खाली भीती" अशी रेघ मारू नका. १९७१ साली ओकीफ आणि डोस्ट्रोव्स्की यांनी दाखवलेल्या प्लेस सेल (उंदीर ठरावीक जागी आला की चेतणाऱ्या पेशी) व्हेंट्रल भागातही असतात, फक्त त्यांची हद्द ऐसपैस. एका पेशीला खोलीचा कोपरा, तर दुसरीला अख्खा वाडा म्हणा ना! डॉर्सल इजा जेवढी मोठी तेवढी शिकण्यात गडबड, हे मोझर दांपत्याने १९९३ साली दाखवलं होतं. ओकीफांबरोबर त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं, पण ते या कामासाठी नाही, ग्रिड सेलसाठी (जागेचा जाळीसारखा नकाशा आखणाऱ्या पेशी). स्लाइडवर घोळ करू नका.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. आज स्ट्रॉला लाल कागद चिकटवून झेंडा केला. औषध देऊनही सात नंबर भिंत सोडून सरळ झेंड्याकडे! म्हणजे नजर शाबूत, पोहणं शाबूत, आणि भीतीने भिंतीला खिळलेलाही नाही. सर बरोबर निघाले, हे त्यांना सोमवारनंतर सांगेन. डॉर्सलची स्लाइड मात्र उडवली.