सीव्हीटी गाडी दोरीने ओढून नेली तर चालेल का?

मिरजकर_०७
पेट्रोल सीव्हीटी (बेल्ट-पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह. खंबाटकी उतरून सुरूरजवळ बंद पडली आहे. बॅटरी पण बसलीय. गॅरेज 9 किमीवर आहे, बोलेरोवाला दोरी लावून न्यायला तयार आहे. न्यूट्रलला टाकून नेली तर गिअरबॉक्सला धोका आहे का?

पाना_बारा_तेरा
आहे. नेऊ नका. न्यूट्रलला टाकली तरी पुढची चाकं गिअरबॉक्सचे आतले भाग फिरवतात. तेलाचा पंप मात्र इंजिनवर चालतो. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद. बेल्ट आणि पुली तेलाच्या दाबाविना घासतात. त्या दिवशी काही जाणवत नाही, आवाज नंतर सुरू होतो.

फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, मागवा. नाहीच मिळाला तर पुढची चाकं उचलणारी क्रेन चालेल, मागे हँडब्रेक सोडलेला हवा. फोर व्हील ड्राइव्ह असती तर तेही नको. हायवेला 1033 (राष्ट्रीय महामार्ग हेल्पलाइन) लावा, पण ती क्रेन बहुतेक वेळा गाडी फक्त बाजूला काढून देते.

बॅटरी बसल्यावर लिव्हर पार्कमधून हलत नाही. बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं. ते उचकटून आत चपटा स्क्रूड्रायव्हर दाबायचा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर न्यूट्रलला घ्यायचा. त्याआधी चाकांना दगड लावा, तिथे उतार आहे.

आडवा_पाना
खरं नुकसान फ्लॅटबेडवर चढवताना होतं. टो हुक (गाडी ओढायची कडी) स्टेपनीजवळच्या टूलकिटमध्ये असतो, बंपरवरचं चौकोनी झाकण काढून फिरवायचा. काही युरोपियन गाड्यांना उलटे आटे असतात, जबरदस्ती करू नका. आटे संपेपर्यंत आत गेला पाहिजे, शेवटी व्हीलपाना घालून आवळा. अर्धवट बसला तर वाकतो, नाहीतर आटेच चिरडतात.

विंचची (ट्रकवरची दोर गुंडाळून ओढणारी चरखी) ओढ सरळ रेषेत हवी. बंपरची खालची कड रॅम्पला घासत असेल तर चाकांखाली फळ्या सरकवा. ड्रायव्हर घाईत लोअर आर्मला (चाक धरणारा खालचा दांडा) हुक अडकवतो, तिथे स्पष्ट नाही म्हणा, चाकांचं अलाइनमेंट जातं. वर चढल्यावर पट्टे टायरवरून बांधायला लावा.

घाटवाट
मॅन्युअल असती तर बोलेरो चालली असती. 4-5 मीटरचा पट्टा, दोन्हीकडे टो हुक, वेग 20-25. किल्ली ऑन हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. मागच्याने हलका ब्रेक धरून पट्टा ताणलेला ठेवायचा, सैल पडला की झटका हुकवर येतो. इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबलं की ब्रेक दगडासारखा होतो, त्यामुळे घाटात हा प्रकार नकोच. एएमटी (क्लच-गिअर आपोआप बदलणारी) आतून मॅन्युअलच, पण गिअरमध्ये अडकून बंद पडली तर न्यूट्रलला येत नाही.

मिरजकर_०७
फ्लॅटबेड सांगितलाय. हँडब्रेक बटणाचा आहे, तो सुटेल ना?

पाना_बारा_तेरा
मेल्या बॅटरीवर नाही सुटणार. फ्लॅटबेडवाल्याला जंपर केबल घेऊन यायला सांगा. आधी करंट द्या, मग बटण, मग लिव्हर. ब्रेक धरलेला असताना विंच लावली तर टायर घासत वर जातील.