'विचेस बटर'ला मराठीत काय म्हणावे?

पानगळ : इंग्लंडच्या ओकवनांविषयीचा मजकूर मराठीत आणताना 'विचेस बटर' या नावापाशी अडखळले आहे. एक्सिडिया ग्लँड्युलोसा ही काळी, लिबलिबीत बुरशी ओकच्या मेलेल्या फांद्यांवर उगवते आणि त्यांचे लाकूड कुजवते. पावसात ती टम्म फुगते व कोरड्या हवेत आक्रसून फांदीवर तिचा जेमतेम काळा पापुद्रा उरतो. मी 'हडळीचे लोणी' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'श्लेषी कवक' केले.

साकव : 'श्लेषी' वाचून वाचक अलंकार शोधू लागेल. हडळही पटत नाही, कारण हडळ हे मेलेल्या बाईचे भूत आणि 'विच' ही जिवंत बाई, तेव्हा चेटकीणच म्हणावे. लोणी मात्र राहू द्यावे; मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे मराठीला नवे नाहीत, आणि ही तर मेलेल्या फांदीवरच पोसली जाते.

टाकसाळ : लोणी काळे कसे असेल? इंग्रजीत हेच नाव ट्रेमेला मेसेंटेरिका या पिवळ्या बुरशीलाही देतात आणि तिला ते शोभते. मात्र ती स्वतः लाकूड कुजवत नाही, लाकडातल्या दुसऱ्या बुरशीवर जगते. एका नावाने दोन्हींची गल्लत होणार. 'कवक' ही संज्ञा पाठ्यपुस्तकांत रुळली आहे, तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. जाता जाता, 'ट्रेमेला' हे नाव लॅटिनमधल्या थरथरण्याच्या क्रियापदावरून आले आहे. आपले 'थरथर' त्याचेच भावंड असावे.

साकव : 'थरथर' हा 'खळखळ', 'सळसळ' यांच्यासारखा अनुकरणवाचक शब्द आहे, त्याला लॅटिन गोत्र लावू नये. आणि बोलताना कवक कोण म्हणते? पावसाळ्यात आमच्या पडवीतल्या लाकूडफाट्यावर तपकिरी, कानाच्या पाळीसारखी बुरशी यायची. चुलीशेजारी वाळून ती कडकडीत व्हायची आणि पाण्यात टाकली की पुन्हा मऊ. चिनी लोक तशाच बुरशीला 'मू-अर', म्हणजे लाकडाचा कान म्हणतात आणि सूपमध्ये घालतात. आम्ही मुले तिला उंदीरकानी म्हणत असू.

टाकसाळ : उंदीरकानी ही जमिनीलगत पसरणारी वेल आहे. बुरशीला ते नाव देणे सरळ चूक.

पानगळ : तूर्त 'चेटकिणीचे काळे लोणी' लिहून पाठवले. संपादकांनी समासात 'काळे?' एवढेच लिहून परत धाडले आहे.

साकव : वेलीचे पान उंदराच्या कानासारखे असते, तशी आमची बुरशीही दिसायची. एका नावाच्या दोन वस्तू असू नयेत, असा नियम कोणी केला?