अनुभव धागा: फोनच्या पोटात गेलेल्या वस्तू

कॅमेरा, टॉर्च, गजराचं घड्याळ, कॅल्क्युलेटर, टेपरेकॉर्डर, ट्रान्झिस्टर, टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी, पुण्याचा घडीचा नकाशा. आपल्या घरांत या वस्तू एकेक करून, पैसे साठवून आल्या होत्या. 2007 साली पहिला आयफोन आला, पुढच्या वर्षी पहिला अँड्रॉइड फोन, आणि त्यानंतर हे सगळं भराभर एका खिशात गेलं. जपानी कॅमेरा कंपन्यांनी 2010 साली सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते. 2020 मध्ये तो आकडा एक कोटीच्याही खाली आला.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. तुमच्याकडची कुठली वस्तू गेली, ती गेल्यानं काय सोपं झालं, आणि फोन असूनही कुठली वस्तू तुम्ही मुद्दाम जपून वापरता? तिसरा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा आहे. फोन एखादं काम चालून जाण्याइतपत करतो की नीट करतो, हे ते काम रोज करणाऱ्यालाच कळतं.

सुरुवात मीच करते. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नारायण पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि आजी-आजोबांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो गेला. वडिलांनी ते मनाला लावून घेतलं. पुढे त्यांनी आग्फा क्लिक थ्री घेतला. 120 चा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. प्रत्येकाच्या दोन प्रती काढून एक साताऱ्याला आत्याकडे पाठवायचे. आज माझे फोटो काढल्या क्षणी दुसरीकडे आपोआप साठवले जातात. वडिलांना जे हवं होतं ते हेच. पण फोनमधल्या हजारो फोटोंतला एकही घरी आलेल्या माणसाच्या हातात पडत नाही. म्हणून दर दिवाळीला बारा फोटो निवडून कागदावर छापून घेते. निवडताना घरात भांडणं होतात, आणि त्या भांडणांतून वर्ष पुन्हा एकदा बोललं जातं.

आता तुम्ही लिहा.

कोथरूड. बँकेत नोकरी, जन्मापासून अंध

तुम्ही लिहिलेल्या वस्तू माझ्याकडे नव्हत्याच, माझी यादी वेगळी आहे. बोलणारं घड्याळ. नोट ओळखायला तिची लांबी मोजायची पट्टी. स्वयंसेवकांनी वाचून दिलेल्या पुस्तकांच्या कॅसेटी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शेजारचे एक काका, जे रोज संध्याकाळी माझी पत्रं वाचून दाखवायचे. काका फार चांगले होते. तरी माझ्या खात्यात किती पैसे आहेत आणि बहिणीनं पत्रात काय लिहिलंय, हे माझ्याआधी त्यांना कळायचं.

टचस्क्रीन आला तेव्हा आम्हा मित्रांना वाटलं, आपलं संपलं. बटणं होती तोवर बोटांना पाचच्या बटणावरची उंच खूण सापडायची, गुळगुळीत काचेवर काय सापडणार? पण टॉकबॅकसारखे स्क्रीन रीडर आले. बोट फिरवलं की खाली काय आहे ते फोन बोलतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. कागदासमोर कॅमेरा धरला की छापील मराठी वाचून दाखवतो. 2016 नंतर नव्या आकाराच्या नोटा आल्या आणि हाताची जुनी सवय निकामी झाली, तेव्हा फार हाल झाले. 2020 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं 'मनी' नावाचं ॲप काढलं. ते इंटरनेटशिवाय नोट ओळखून सांगतं. आता यूपीआयमुळे नोटांचीच गरज कमी झाली आहे. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे अंधांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे.

पीएमपीच्या बसमध्ये मी आता कुणाला "डेक्कन आलं का हो?" असं विचारत नाही. कानात नकाशा बोलत असतो. हे स्वातंत्र्य डोळस माणसाला समजावून सांगणं अवघड आहे.

पांढरी काठी मात्र फोननं घेतलेली नाही. खोदलेला फुटपाथ, उघडं चेंबर, आडवी लावलेली दुचाकी, हे काठीलाच कळतं. आणि ब्रेलची पाटी ठेवली आहे. फोन ऐकवतो, पण शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ बोटांखालीच पक्कं होतं. अंध मुलांच्या पालकांना हात जोडून सांगतो, फोन आहे म्हणून ब्रेल सोडू देऊ नका.

सदाशिव पेठ. गाणं शिकवते

आमच्याकडे तंबोऱ्याची जागा आधी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पेटीनं घेतली आणि त्या पेटीची फोननं. माझी एक विद्यार्थिनी हिंजवडीला कंपनीच्या बसमध्ये कानात तंबोरा लावून मनातल्या मनात पलटे घोकते. चौदाशे स्क्वेअर फुटांचा दिवाणखाना आणि कोपऱ्यात उभा तंबोरा किती जणांकडे असणार? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना पांढरी चार किंवा काळी एक, हवी ती स्वराची पट्टी हव्या त्या क्षणी मिळते, तीही बिनचूक. याचं मला मनापासून कौतुक आहे.

दोन गोष्टी सांगते. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज नीट येतच नाही, वरचे सूर तेवढे ऐकू येतात. म्हणून निदान बाहेरचा चांगला स्पीकर जोडा. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. ॲपमध्ये सूर आयता मिळतो, लावावा लागत नाही. मिरजेचा तंबोरा घेऊन खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, जवारीवर तारेखाली असलेला दोरा हलवायचा, आणि जोडीच्या तारा एकमेकींत विरघळेपर्यंत थांबायचं, यात कान तयार होतो. माझ्या वर्गात पहिली दहा मिनिटं तंबोरा लावण्याची. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण ती वाद्यं लावता येणारे हातही तयार व्हायला हवेत.

हडपसर. सुतारकाम

फोनमधली लेव्हल, म्हणजे वस्तू सरळ आहे का ते दाखवणारी सोय, मी तसबीर टांगायला वापरतो. किचन ट्रॉलीला नाही. मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, फोन सपाट बसतच नाही. शिवाय वीतभर लांबीवर काढलेली लेव्हल आठ फुटांच्या फळीला कशी पुरणार? पाणसळच लागते.

धनकवडी. दर शनिवार-रविवार डोंगरात

आम्ही राजगड-तोरणा करायचो तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाची झेरॉक्स आणि होकायंत्र पिशवीत असायचं. आता वाटेचा जीपीएस ट्रॅक फोनमध्ये. जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही, हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं. उपग्रहांचे संदेश फोन थेट पकडतो, नकाशा तेवढा घरून उतरवून न्यायचा. वेल्ह्याच्या खोऱ्यात शिरलात की फोन एअरप्लेन मोडवर टाका. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते, आणि जीपीएस तरीही चालू राहतं.

पूर्वी अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायची. ते 2 मे 2000 पासून बंद झालं, म्हणून आज पायवाटेइतकं नेमकं कळतं. तरीही भर पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, आणि धुक्यात नेमकी तेव्हाच पायवाट शोधायची असते. त्यामुळे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागदी नकाशा, शिट्टी आणि हेडटॉर्च हे तिन्ही माझ्या सॅकमध्ये कायम. फोनचा टॉर्च धरून बालेकिल्ल्याचा कडा उतरणारी मुलं दिसली की थांबवून सांगतो: बाळांनो, दोन्ही हात मोकळे हवेत.

कसबा पेठ. निवृत्त

पुणे आकाशवाणी 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झाली. आमच्या घरातली सकाळ तिच्यावर चालायची. आता मुलानं फोनवर ॲप दिलंय, कॅनडातली नातसुद्धा पुण्याच्या बातम्या ऐकते. पण ॲपवरचा आवाज काही सेकंद मागे असतो, त्यामुळे वेळेच्या ठोक्यांवर घड्याळ लावता येत नाही. पूर्वी फोनमध्ये खरा एफएम असायचा, इअरफोनची वायर हीच त्याची एरियल. वायरची जागाच काढून टाकली तसा तोही गेला. वादळात टॉवर बंद पडले तर बातमी कळणार कशावर? सेल घातलेला ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवला आहे.

बुधवार पेठ, पासोड्या विठोबाजवळ. दुरुस्तीचं दुकान

वडिलांनी रेडिओ दुरुस्तीनं सुरुवात केली, मी टेप आणि वॉकमन केले. रोज बेल्ट बदलायचे, टेप वाचणारं हेड स्पिरिटनं पुसायचं, पिंच रोलर साफ करायचा. ते काम फोननं बंद केलं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी दुकानं विकली, काहींनी मोबाईलचे कव्हर आणि काचा लावायला घेतल्या. या धाग्यावर सोय-सोय असं पुष्कळ लिहिलं जाईल, तेव्हा हेही लिहून ठेवतो.

सध्या माझ्याकडे वेगळंच काम येतं. लोक कॅसेटी घेऊन येतात आणि "आजोबांचा आवाज फोनमध्ये घालून द्या" म्हणतात. कुणाचं बारसं, कुणाच्या आईची भूपाळी, कुणाचं घरच्या गणपतीतलं कीर्तन. पुण्याच्या दमट पावसाळ्यात टेपवर बुरशी धरते, थर एकमेकांना चिकटतात. तुमच्याकडे असतील तर ऐका. पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट घरच्या टेपमध्ये अजिबात लावू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते. बुरशी नसेल तर मधल्या खिडकीतून बघा, टेपमागचा छोटा फेल्टचा तुकडा जागेवर आहे ना. तो पडला असेल तर आवाज घोगरा येतो, आणि लोक समजतात रेकॉर्डिंगच गेलं. तसं नसतं. तो तुकडा बदलता येतो. मग एकदा शेवटपर्यंत पुढे, एकदा मागे फिरवून घ्या, आणि त्यानंतरच वाजवा. फोनमध्ये आवाज उतरला तरी मूळ कॅसेट टाकू नका. कोरड्या डब्यात, उभी ठेवा.