कनाल द्यु मिदी: वेगाचा नव्हे, लॉकचा हिशेब

बोटीने ताशी ८ किलोमीटर वेगाने फ्रान्समधल्या तुलूझपासून समुद्राजवळच्या थो सरोवरापर्यंतचा २४० किलोमीटरचा कनाल द्यु मिदी हा कालवा आठवड्याभरात सहज पार होईल, हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी प्रत्यक्षात जुळणारा नाही. खरा वेळ जातो तो बोटीला पाण्याची पातळी चढवून-उतरवून देणाऱ्या लॉकमध्ये. ती रात्री बंद असतात, दुपारी लॉकवाल्यांच्या जेवणासाठीही थांबतात (फ्रेंचांच्या या शिस्तीला दाद द्यावीच लागते), आणि बेझिएजवळच्या फोंसेरानच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लॉकवर तर चढणाऱ्या व उतरणाऱ्या बोटींना वेगवेगळ्या वेळा नेमून दिलेल्या असतात. म्हणून आठवडाच हाती असेल, तर कास्तेलनोदारी ते बेझिए एवढाच टप्पा घ्यावा. शिवाय २००६ पासून बुरशीच्या रोगामुळे काठावरचे हजारो प्लेन वृक्ष तोडावे लागले आहेत, तेव्हा जुलैत सर्वत्र सावली मिळेल असे गृहीत धरू नये.