डी.एल.एड. झालेल्यांना अडलेलं मूल वाचतं करता येतं का?

खडूचा तुकडा

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. जवळच्या अध्यापक विद्यालयातून, म्हणजे जिथे डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) ही प्राथमिक शिक्षकाची दोन वर्षांची पदविका होते तिथून, आमच्याकडे दरवर्षी छात्राध्यापक आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवायच्या सरावाला, येतात. पोरं-पोरी कष्टाळू असतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पाठाचं नियोजन लिहायची टाचणवही तर अशी की अधिकाऱ्याने बघितली तर शेरा लिहायला जागा सापडू नये: उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, पूर्वज्ञान, हेतुकथन, मूल्यमापन, गृहपाठ. थर्मोकोलचं घड्याळ सोबत असतंच.

यंदा तिसरीतला एक मुलगा मुद्दाम त्यातल्या एका ताईंकडे दिला. तो 'काकडी' असं वाचतो: "क ला काना का, क, ड ला दुसरी वेलांटी डी." सगळं बिनचूक. मग शब्द काय झाला विचारलं की छताकडे बघतो. ताई म्हणाल्या, "पुन्हा वाच." त्याने पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनीच 'काकडी' सांगून टाकलं, आणि पुढच्या शब्दापासून पोरगं पुस्तक सोडून त्यांच्या तोंडाकडेच बघायला लागलं.

ताईंना मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या विकासाच्या अवस्था तोंडपाठ होत्या. पण काना-वेलांटीची नावं घेत बसणाऱ्या मुलाला आवाज जोडायला कसं लावायचं, त्याआधी शब्द तोंडी तोडायचे-जोडायचे खेळ कसे घ्यायचे, मोजकी अक्षरं आणि एखाद-दुसरं चिन्ह एवढ्यातच वाचण्याजोगे शब्द कसे बनवायचे, हे त्यांना कुणी करून दाखवलंच नव्हतं. फलटणची प्रगत शिक्षण संस्था, वाडा तालुक्यातली क्वेस्ट ही संस्था यांनी मराठी वाचनावर कितीतरी वर्षं काम केलंय. ते आमच्याकडे येणाऱ्या मुलांपर्यंत पोचलेलं मला तरी दिसत नाही.

माझ्या मते या अभ्यासक्रमात पाठ 'घ्यायला' शिकवतात. मूल अडलं की काय करायचं, ते शिकवत नाहीत. तुमचं काय मत?

निवृत्त केंद्रप्रमुख

सर, दोष अभ्यासक्रमाला देऊ नका. आमच्या वेळी विद्यालयाला लागूनच सराव पाठशाळा होती. अध्यापकाचार्य, म्हणजे आम्हाला शिकवणारे, मागच्या बाकावर बसून अख्खा पाठ बघायचे आणि पाठ संपला की बाहेर नेऊन खरडपट्टी काढायचे. वाट लागली ती डी.एड. कॉलेजांचं पेव फुटलं तेव्हा. इमारत एक, पाट्या तीन. महाराष्ट्रातल्याच डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग आला. त्याच्या २०१२ च्या अहवालाचा हवाला देऊन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात छापलंय की देशातल्या १० हजारांहून जास्त स्वतंत्र शिक्षक-प्रशिक्षण संस्थांपैकी बहुतेक संस्था पैसे घेऊन पदव्या विकतात. पट भरलेला, वर्ग रिकामा. तिथे पाठाच्या पाच पायऱ्यांची हर्बार्टची जुनी पंचपदी शिकवा नाहीतर मुलाने स्वतः ज्ञान घडवायचा ज्ञानरचनावाद, फरक काय पडणार?

पात्र पण घरी

तयारीचं काय विचारता, आधी भरतीचं बोला. माझं डी.एड. २०१० चं. भरती ठप्प. २०१३ मध्ये टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, ती दिली. डिसेंबर २०१७ मध्ये भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आली: २०० प्रश्न, १२० मिनिटं. अंकमालिका, घड्याळाचे कोन, 'अ हा ब चा मेहुणा असेल तर'. मग भरतीचं ऑनलाइन पवित्र पोर्टल. मधल्या काळात टीईटीचा घोटाळा निघाला, आमच्यासारखे प्रामाणिकपणे पास झालेलेही गावात संशयित ठरले. या सगळ्यात लहान मुलाशी दोन वाक्यं धड बोलता येतात का, हे एकदाही कुणी बघितलं नाही. माझे मित्र शिक्षण सेवक म्हणून महिना १६ हजारांच्या मानधनावर लागले आणि पहिल्याच दिवशी चार इयत्ता एका खोलीत. बहुवर्ग अध्यापनावर कॉलेजात आम्ही काय केलं होतं? टीप लिहिली होती, पाच मार्कांची.

तिरकस

लाखभर फी भरून ज्या इंग्रजी शाळेत तुमची नातवंडं जातात, तिथल्या किती मॅडमचं डी.एल.एड. झालंय, विचारून बघा. तिथे हा प्रश्न कुणालाच पडत नाही.

सरावपाठ

मी अध्यापक विद्यालयात शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

खडूचा तुकडा सर, तुमच्या ताईंना वाचन शिकवता आलं नाही हे खरं धरते. पण माझ्यासमोर बारावी झालेल्या मुली येतात, त्यांना मी पहिल्या आठवड्यात विचारते: १ भागिले अर्धा किती? "दोन" लगेच येतं. का? "उलटा करून गुणायचं." एका भाकरीत अर्धी भाकरी किती वेळा बसते, असं चित्र काढून दाखवा म्हटलं की वर्ग शांत. बारा वर्षं शाळेने जे दिलं नाही ते आम्ही दोन वर्षांत भरून काढायचं, वर मानसशास्त्र, कला, कार्यानुभव, प्रात्यक्षिकं. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमध्ये अधिव्याख्यात्यांच्या जागा रिकाम्या, मदतीला येणार कोण?

आणि पदविका कुचकामी म्हणणाऱ्यांनी ११ ऑगस्ट २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचावा. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं, हे कोर्टाने मान्य केलंय. आता २०३० पर्यंत पदविकेच्या जागी चार वर्षांची एकात्मिक पदवी येणार म्हणतात. सुरगाण्याच्या, अक्कलकुव्याच्या मुलीला घरचे तालुक्याला दोन वर्षं पाठवतात. चार वर्षं शहरात ठेवतील? कोकणी, भिली, पावरी अशा आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांसमोर मग उभं कोण राहणार?

पुणेकर, सध्या हेलसिंकी

इथे प्राथमिक शिक्षकालासुद्धा पदव्युत्तर पदवी लागते. सराव शाळा विद्यापीठाचीच असते.

तिरकस

आलं फिनलंड! वाटच बघत होतो.

खडूचा तुकडा

मॅडम, कोर्टाने वेगळेपण मान्य केलं, पण ते वर्गात कुठे दिसतं? कागदावर तर सगळंच आहे. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. आम्ही नोकरीतले शिक्षक यात आलोच. सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्या आम्हा जुन्यांनाही टीईटी लावली. १५० बहुपर्यायी प्रश्न, तेही सोडवू. पण 'काकडी' त्यात येत नाही.

केंद्रप्रमुख साहेब, चांगल्या चालणाऱ्या विद्यालयातूनही मुली अशाच येतात, म्हणून तर धागा काढला. बोगस कॉलेजं उद्या बंद झाली तरी माझी तक्रार तशीच राहते.

माझी सूचना साधी आहे. सराव पाठांपैकी निम्मे रद्द करा. प्रत्येक छात्राध्यापकाला न वाचणारं एक मूल द्या, अख्खी आंतरवासिता तेच मूल. आज काय वाचलं, कुठे अडलं, उद्या काय करणार, याची वही. गुण त्या वहीला.

सरावपाठ

आणि मुली कुठलं मूल निवडतील? जवळजवळ वाचणारं! महिनाभरात 'प्रगती', सगळ्यांना ९० टक्के. टाचणवह्या विकत मिळतात, तशा या वह्याही स्टेशनरीच्या दुकानात येतील.

खडूचा तुकडा

म्हणून निवड वर्गशिक्षकाने करायची. आणि शेवटी वही न बघता मुलाला बोलवायचं, बाहेरच्या परीक्षकासमोर, न पाहिलेला उतारा देऊन.

निवृत्त केंद्रप्रमुख

बाहेरचा परीक्षक म्हणजे शेजारच्या कॉलेजचा प्राचार्यच ना? त्या दिवशी जेवणाचा बेत काय असतो, ते मॅडमना विचारा.

सरावपाठ

साहेब, श्रीखंड असतं. पण मूल आम्ही निवडणार नसू आणि उतारा आम्हाला आधी माहीत नसेल, तर माझ्या वर्गात या वर्षी दहा मुलींवर करून बघायला मी तयार आहे. शाळा सर देतील का?